पावाचा गर

येतमीरा आली. पिशवीत लसणाची पात,
पातीखाली तीन पुस्तकं.
म्हणाली, बाबांची आहेत, लुलाश. पाठ निसटलीय.
बांधायचे किती घेशील?

मी आधी वास घेतो, मग किंमत सांगतो.
पहिल्याला सरस आणि उंदीर.
दुसऱ्याला ओली माती.
तिसऱ्याला काहीच नाही,
म्हणजे ते वरचेवर उघडलं जात असणार.

रिझा मास्तर आम्हाला सातवीत होते.
देव कसा नसतो ते शिकवायचे.
फळ्यावर आकाश काढायचे, मोठं, आणि
आत काही नाही हे दाखवायला
खडूनं टकटक करायचे.
पूड भुवयांवर पडायची. पुसायचे नाहीत.
त्याच सुमाराला श्कोदरच्या मोठ्या चर्चमध्ये
व्हॉलीबॉलची जाळी लागली.
मी बरा सर्व्ह करायचो.
चेंडू वर गेला की त्याचा आवाज
चेंडूच्या मागाहून खाली यायचा.

शपथ घ्यायची वेळ आली की पावाची घ्यायचो.
या पावाची आण, मी चोरलं नाही.
पावावर बंदी कुणी घालणार?

पहिलं पुस्तक सरकारी छापखान्याचं. प्रश्नोत्तरं.
प्रश्न तेहेतिसावा, जग कुणी केलं.
उत्तर ठळक अक्षरांत.
समासात पेन्सिलीनं मास्तर लिहितात, बरोबर.
त्याच्याखाली वेगळ्या पेन्सिलीनं, कुठल्या वर्षी कोण जाणे,
मग?

दुसरं अरबी. त्यांच्या वडिलांचं.
डाळिंबाखाली तेवीस वर्षं तेलकापडात पुरलेलं,
तरी ओल शिरलीच.
मला वाचता येत नाही. येतमीरालाही नाही.
मास्तरांना येत होतं
हे आम्हाला आत्ता कळतंय, समासावरून.
खोटं. खोटं. हेही खोटं.
मग बरीच पानं पेन्सिल नाही,
आणि एका ओळीशेजारी, अगदी हलकं,
सुंदर.
मागाहून खोडलेलं नाही. मी भिंगानं पाहिलं.

तिसरं छापील नव्हतंच. शाळेची वही, चौकटीची.
येतमीरा, संध्याकाळी सात, ३९.२.
रात्री दोन, ४०.१. ओली फडकी.
पहाटे पाच, ४०.४. डॉक्टर उद्या.
अशी सहा पानं. आकडे सरळ रेषेत,
शिक्षकाचे आकडे.
मग एका सकाळी ३७,
आणि समोर एकच शब्द,
आभार.

कुणाचे, ते लिहिलेलं नाही.
पुढची पानं कोरी.

ती म्हणाली, मला हा ताप आठवतही नाही.
पिशवी एका हातातून दुसऱ्यात घेतली.
पुन्हा म्हणाली, आठवतही नाही रे.

मी रविवारी जातो. गुडघे दुखतात,
म्हणून मागे उभा राहतो, खांबाला टेकून,
साधारण तिथेच, जिथून सर्व्ह करायचो.
मानतोस का, असं
सातवीनंतर मला कुणी विचारलेलं नाही.
विचारलं असतं तर
मीही पेन्सिलीनंच लिहिलं असतं.

जुनं पुस्तक बांधायचं तर आधी पानं साफ करावी लागतात.
रबर कागद ओरबाडतं. आमच्या कामात
शिळ्या पावाचा गर वापरतात,
बोटांत मळून हळू फिरवायचा,
अक्षर पावात येतं, कागद उरतो.
सवयीनं मी पाव मोडला होता.
गर हातात होता. वही उघडी.

पुसणार? तिनं विचारलं.

बाहेर एकाच वेळी बांग आणि घंटा,
एक थोडी पुढे, एक थोडी मागे,
आणि मासेवाल्याची गाडी उलटी येताना
करते तो आवाज.

मी गराची गोळी तोंडात टाकली.
कडक होती. अर्धा पाव तिच्यापुढे सरकवला.
तिनं पिशवीतून पात काढली, झटकली, मीठ मागितलं.
टेबलावर पुस्तकं होती म्हणून
उभ्यानंच खाल्लं,
कण पडू नयेत म्हणून हनुवटीखाली हात धरून.

शिलाईचे पैसे घेईन म्हणालो.
साफसफाईचे नाही.